दोन हंगामांची पुंजी

दिलीप सरदेसाई यांचे नाव निघाले की क्रिकेटरसिकांना 1971 सालचा वेस्ट इंडीजचा दौरा आठवतो. त्या मालिकेत त्यांनी 642 धावा केल्या. किंग्स्टनला भारताचे पाच गडी 75 धावांत बाद झाले असता त्यांनी एकनाथ सोलकरांच्या साथीने डाव सावरला आणि स्वतः 212 धावा काढल्या. परंतु ही कीर्ती ज्या पायावर उभी राहिली, त्या अल्पकाळच्या विद्यापीठीय क्रिकेटकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

सरदेसाईंचा जन्म 8 ऑगस्ट 1940 रोजी मडगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता आणि तेथे टर्फ खेळपट्टीचीही सोय नव्हती. 1957 साली कुटुंब मुंबईस आले आणि सतरा वर्षांच्या दिलीपने गिरगाव चौपाटीवरील विल्सन महाविद्यालयात नाव घातले. मुंबईचे होतकरू खेळाडू गाइल्स आणि हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यांत तावूनसुलाखून निघत. ती वाट या मुलापुरती संपली होती. उरले होते ते केवळ महाविद्यालय. तेथे मन्या नाईक या प्रशिक्षकांनी त्याचे गुण हेरले.

1959-60 च्या आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांनी 87 च्या सरासरीने 435 धावा केल्या. पुढच्याच हंगामात भारतीय विद्यापीठांच्या संघातून पुण्यास पाकिस्तानविरुद्ध 87 धावा काढल्या. डिसेंबर 1961 मध्ये ते कानपूरला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळले, तेव्हा त्यांचे जन्मगाव अद्याप मुक्त व्हावयाचे होते. गोवा स्वतंत्र झाला तो त्याच महिन्याच्या 19 तारखेस.

पुढे 30 कसोटींत 2001 धावा आणि मुंबईकडून रणजी करंडकाचे दहा अंतिम सामने. त्यांपैकी एकातही ते पराभूत संघात नव्हते. 2 जुलै 2007 रोजी त्यांचे निधन झाले.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर दोन हंगामांच्या अल्प भांडवलावर मिळालेला हा परतावा असामान्य होता. पण ते भांडवल पुरवले कोणी? उशिरा आलेल्या, मैदानावर कोणाची ओळखदेख नसलेल्या मुलाला सामने देणाऱ्या एका महाविद्यालयाने. आज सोळा वर्षांखालील निवडीपासूनच चाळण लागते. लहान वयात प्रशिक्षणाचा खर्च ज्यांना झेपत नाही, अशी परळ-लालबागची मुले त्या चाळणीतून सहज गळून पडतात. त्यांच्यासाठी दुसरी संधी असावयास हवी आणि ती महाविद्यालयाच्या मैदानाखेरीज अन्यत्र स्वस्तात मिळणार नाही. क्रीडाशुल्क घेऊन सरावाचे जाळे गुंडाळून ठेवणाऱ्या आपण शिक्षणसंस्थांच्या लोकांनी सरदेसाईंच्या चरित्रातून एवढा बोध घेतला तरी पुरे.