व्यसनाचे वैरी : गाडगे महाराज

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचे भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भ मुंबई राज्यात गेला. त्यानंतर सात आठवड्यांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीजवळ गाडगे महाराजांनी देह ठेवला. स्वच्छतेचे संत म्हणून त्यांना सारेच ओळखतात. परंतु हाती खराटा घेण्यापूर्वीच त्यांनी त्याहून चिवट घाण स्वतःच्या घरातून काढली होती. ती कथा आम्ही आमच्या बालमित्रांपुढे ठेवीत आहो.

देबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे मूळ नाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. देवाला दारूचा नैवेद्य दाखवावा व तीच प्रसाद म्हणून घ्यावी, अशी रीत त्या काळी कित्येक घरांत होती. प्रसाद म्हणून आलेली दारू झिंगराजींच्या अंगवळणी पडली. हळूहळू शेतीवाडी गेली, शरीर खचले आणि देबू लहान असतानाच त्यांचा अंत झाला. मरणापूर्वी त्यांना पश्चात्ताप झाला व मुलाला ह्या वाटेस जाऊ देऊ नये, असे त्यांनी पत्नी सखूबाईंना विनविले, असे चरित्रकार सांगतात. पोरक्या देबूला घेऊन ती माउली मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. तेथे गुरे राखीत व शेतात राबत तो वाढला.

पुढे देबूजींचे लग्न झाले, त्यांना कन्यारत्न झाले. बारशाला जातभाईंना मांस व दारू द्यावी, असा शिरस्ता होता. तो मोडणे म्हणजे वडीलधाऱ्यांचा रोष ओढवून घेणे. तरीही देबूजींनी त्या दिवशी गोड जेवण वाढले आणि दारूचा थेंबही दारात येऊ दिला नाही. मंडळी रुष्ट झाली. देबूजी ढळले नाहीत. बापाने रीत म्हणून घेतलेला पेला मुलाने रीत मोडून नाकारला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि गाडगे. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तन करावे, हा त्यांचा क्रम झाला. दारू सोडा, कर्ज काढू नका, मुलांना शाळेत घाला, हेच ते खेडोपाडी सांगत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी नाशिक, पंढरपूर आदी ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते.

विद्यार्थी मित्रहो, दारू अजून गेली नाही. तिच्या जोडीला नवी विषे मात्र आली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या भोपाळजवळील बगरोदा येथील कारखान्यातून सुमारे ९०७ किलो मेफेड्रोन हे अमली द्रव्य पकडण्यात आले. असली द्रव्ये मेंदूस क्षणभर उत्तेजन देतात. मग तेवढ्यासाठीच मात्रा वाढवावी लागते आणि शेवटी माणसाची इच्छाच त्यांची बंदी होते. ती बहुधा मित्राच्या हातून येतात. नाही म्हटले तर मैत्री तुटेल, असे भय वाटते. देबूजींपुढेही बारशाच्या पंगतीत असाच प्रसंग उभा होता.

कोणी ह्या जाळ्यात सापडलाच, तर त्याचा धिक्कार करू नये. तो रोगी आहे. त्याला उपचार हवेत. शासनाच्या १४४४६ ह्या दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य साहाय्य मिळते. आपण मात्र पहिल्याच वेळी नकार द्यावा. झिंगराजींना जे मरणाच्या दारी कळले, ते आपणांस शाळेतच कळावे, एवढीच आमची इच्छा आहे.