नगरचा तट राखणारी चांदबीबी

रमजानमध्ये तरावीहची नमाज आटोपली की गावोगावी पोरे मोबाइलवर लढाईचे खेळ खेळत बसतात. जवळा बाजारही त्याला अपवाद नाही. या खेळांत सैनिक म्हणून मुलगीही निवडता येते. पडद्यावरची ही गोष्ट दख्खनच्या मातीला मात्र नवी नाही. सव्वाचारशे वर्षांपूर्वी अहमदनगरच्या तटावर चांदबीबी स्वतः तलवार घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

चांदबीबी अहमदनगरच्या हुसेन निजामशहांच्या कन्या. विजापूरच्या अली आदिलशहांशी त्यांचा निकाह झाला. अरबी, फारसीबरोबर मराठी आणि कानडीही त्यांना येत होती. शिकारीला आणि मोहिमेला त्या पतीसोबत घोड्यावरून जात. 1580 मध्ये पतीचा खून झाला. गादीवर आलेला इब्राहीम अवघ्या नऊ वर्षांचा होता. त्याच्या वतीने कारभार पाहताना सरदारांच्या भांडणात त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही भोगावी लागली. पुढे त्या माहेरी परतल्या.

माहेरीही तेच. दख्खनी, हबशी आणि परदेशी सरदारांचे गट गादीवर आपापला वारस बसवू पाहत होते. त्यातल्या मियाँ मंजूने मदतीसाठी मोगलांनाच बोलावले. डिसेंबर 1595 मध्ये अकबराचा मुलगा मुराद आणि अब्दुर्रहीम खानखानान यांनी किल्ल्याला वेढा दिला. आत तान्हा बहादूरशहा आणि त्याची आत्या-आजी चांदबीबी.

मोगलांनी तटाखाली सुरुंग खोदले. आतल्यांना सुगावा लागला आणि काही सुरुंग त्यांनी निकामी केले. तरी फेब्रुवारी 1596 मध्ये एक उडालाच. तटाला मोठे खिंडार पडले, लोक पळू लागले. तेव्हा चांदबीबी चिलखत घालून, चेहऱ्यावर नकाब ओढून, नंगी तलवार हाती घेऊन खिंडारात उतरल्या. पळणारे माघारी वळले. दिवसभर मोगलांचे हल्ले परतवले आणि रातोरात ढासळलेली भिंत पुन्हा उभी केली. तोफगोळे संपल्यावर त्यांनी तोफांतून तांब्याची, चांदीची, शेवटी सोन्याची नाणी डागल्याचे लोक आजही सांगतात.

अखेर तह झाला. नगर वाचले, पण वऱ्हाड द्यावे लागले. त्या काळी वाशीम, माहूर, पाथरी हेही वऱ्हाडातच मोडत. म्हणजे नगरच्या तटाची किंमत जवळा बाजारच्या आसपासच्या मुलखाने मोजली. पुढच्याच वर्षी गोदावरीकाठी सोनपेठच्या बाजूला दख्खनी फौजा मोगलांशी पुन्हा भिडल्या आणि हरल्या.

1600 मध्ये शहजादा दानियालने पुन्हा वेढा दिला. आता कुमक येणार नव्हती. किल्ला सोडावा आणि बालराजाला सुखरूप जुन्नरकडे न्यावे, असे चांदबीबींचे मत पडले. लढाई जवळून पाहिलेल्या माणसाचा तो हिशेब होता. पण त्या शत्रूला फितूर झाल्याची ओरड हमीदखानाने केली आणि भडकलेल्या जमावाने महालात घुसून त्यांचा जीव घेतला. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. बहादूरशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. तटाचे खिंडार एका रात्रीत बुजले, दरबारातले मात्र बुजलेच नाही.

आज त्याच शहरात, म्हणजे अहिल्यानगरमध्ये, लष्कराच्या रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. खडकवासल्याच्या एनडीएत 2022 पासून मुली शिकू लागल्या. 2025 मध्ये त्यांच्यातल्या 17 जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. रणगाडा दल आणि पायदळात मात्र स्त्री अधिकाऱ्यांना अजून जागा नाही.

शहराबाहेरच्या डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे. पण नगरला कुणालाही विचारा, तो बोट दाखवून चांदबीबीचा महाल असेच सांगतो. ज्यांना आपल्याच माणसांनी फितूर ठरवले, त्यांच्या नावाने लोकांनी अख्खा डोंगर ओळखीचा केला आहे.