विश्लेषण : ‘जेबीएल’ ही तीन अक्षरे कुणाची? गाणे आणि सिनेमा दोन्हींसाठी स्पीकर घडवणारा जेम्स लान्सिंग

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावात ‘जेबीएल’ ही तीन अक्षरे सगळ्यांच्या ओळखीची आहेत. वरातीच्या डीजेवर ती दिसतात, मोबाइलच्या दुकानातल्या ब्लूटूथ स्पीकरवर दिसतात आणि आता काही घरांत टीव्हीच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या टॉवर स्पीकरवरही दिसतात. ही अक्षरे जेम्स बुलो लान्सिंग या अमेरिकी कारागिराच्या नावाची आहेत. टॉवर स्पीकर घेताना आज पहिला प्रश्न पडतो तो हा, की जोडी गाण्यासाठी घ्यायची की सिनेमासाठी? लान्सिंग यांचे सारे आयुष्य याच दोन गरजांमध्ये गेले आणि अवघ्या ४७व्या वर्षी संपले.

लान्सिंग कोण होते?

त्यांचे मूळ नाव जेम्स मार्टिनी. जन्म १४ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात झाला. वडील कोळसा खाणींच्या कामातले अभियंता. चौदा भावंडांत जेम्स नववे. यंत्रे उघडून पाहण्याचा नाद लहानपणापासून होता. आई गेल्यावर त्यांनी घर सोडले आणि सॉल्ट लेक सिटी गाठली. तिथे केन डेकर हा जोडीदार भेटला. १९२७ मध्ये दोघांनी लॉस एंजेलिसमध्ये ‘लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ काढली. त्याच सुमारास जेम्स यांनी मार्टिनी हे आडनाव सोडून लान्सिंग हे नाव घेतले.

कामाची वाटणी साधी होती. स्पीकर घडवायचा लान्सिंग यांनी, हिशेब आणि व्यवहार पाहायचा डेकर यांनी. सुरुवातीला ते रेडिओ संचांत बसणारे छोटे स्पीकर बनवत.

बोलपटांमुळे काय बदलले?

१९२७ मध्येच अमेरिकेत बोलपटांचे युग सुरू झाले. आपल्याकडे १९३१ मध्ये मुंबईत ‘आलम आरा’ आला आणि १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’. पडदा बोलू लागला, पण हजारभर माणसांच्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत संवाद स्वच्छ पोहोचवायचा कसा, हा प्रश्न जगभर सारखाच होता.

अडचण स्पीकरच्या रचनेत होती. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज गेली की ते पुढेमागे हलते आणि त्याला जोडलेला कागदी पडदा हवा ढकलतो. ढोलाचा घुमारा उमटवायला पडदा मोठा लागतो, तर झांजेची किणकिण आणि ‘स’, ‘श’सारखे वर्ण उमटवायला हलका व छोटा. एकाच पडद्यावर दोन्ही कामे टाकली, की दोन्हींत खोट राहते.

एमजीएम स्टुडिओच्या ध्वनी विभागाचे प्रमुख डग्लस शिअरर आणि अभियंता जॉन हिलियर्ड यांनी हे काम दोन भागांत वाटायचे ठरवले. खालच्या सुरांना मोठा भोंगा, वरच्या सुरांना वेगळा. त्याचे स्पीकर घडवण्याचे काम लान्सिंग यांच्याकडे आले.

आधीच्या एका प्रयोगात अशी दोन भोंग्यांची रचना झाली होती. तिच्यात टॅप डान्सच्या बुटांचा एक टोला दोनदा ऐकू येई. कारण खालच्या सुरांचा भोंगा लांब होता, त्यामुळे त्यातला आवाज उशिरा पोहोचे. आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, तेव्हा काही फुटांचा फरकही टोल्यासारख्या तीक्ष्ण आवाजात कानाला कळतो. नव्या रचनेत हा भोंगा आखूड केला गेला.

‘शिअरर हॉर्न’ या नावाने ही रचना थिएटरांत बसू लागली. १९३६ सालासाठी तिला ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. पुरस्कारावर नाव होते शिअरर आणि स्टुडिओच्या ध्वनी विभागाचे. लान्सिंग यांचे नव्हते.

मग घरच्या संगीताचे काय?

थिएटरचा भोंगा माणसापेक्षा उंच. तेच तत्त्व छोट्या खोलीत आणायचा प्रयत्न लान्सिंग यांनी लगेच केला. १९३७ च्या सुमाराचा त्यांचा ‘आयकॉनिक’ हा दोन भागांचा स्पीकर स्टुडिओत आणि घरात ठेवण्याजोगा होता. खाली मोठा वूफर, वर छोटा भोंगा आणि सुरांची वाटणी करणारे सर्किट, म्हणजे क्रॉसओव्हर. आजच्या टॉवर स्पीकरची मांडणी मुळात हीच आहे.

कंपनी अडचणीत का आली?

१९३९ मध्ये डेकर विमान अपघातात गेले आणि व्यवहार पाहणारा माणूस उरला नाही. लान्सिंग हाताने उत्तम, पण हिशेबात कच्चे. कर्ज वाढले. १९४१ मध्ये आल्टेक या कंपनीने त्यांची कंपनी ५० हजार डॉलरला विकत घेतली. लान्सिंग तिथे पाच वर्षे अभियांत्रिकीचे प्रमुख राहिले. ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही पुढे असंख्य चित्रपटगृहांत बसलेली स्पीकर मालिका याच काळातली.

करार संपताच, १९४६ मध्ये, त्यांनी पुन्हा स्वतःची कंपनी काढली. लान्सिंग हे नाव आता आल्टेकच्या व्यवहारात अडकले होते. त्यामुळे नव्या कंपनीला आपले पूर्ण नाव द्यावे लागले : जेम्स बी. लान्सिंग साउंड. जेबीएल ही ओळख त्यातून आली.

इथे त्यांनी १५ इंची ‘डी-१३०’ घडवला. त्याचे वेटोळे चार इंच व्यासाचे होते. गोल तारेऐवजी चपटी पट्टी कडेवर उभी धरून गुंडाळली, त्यामुळे चुंबकाच्या अरुंद फटीत जास्त धातू मावला आणि थोड्या विजेत मोठा आवाज मिळाला. तेव्हा घरचे अ‍ॅम्प्लिफायर मोजक्या वॅटचे असत, म्हणून हा गुण मोलाचा होता.

माल नावाजला गेला, पण पैसा जमेना. देणी थकली आणि सप्टेंबर १९४९ मध्ये लान्सिंग यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्यांच्या विम्याचे १० हजार डॉलर कंपनीला मिळाले आणि त्या पैशावर ती तगली. पुढे विल्यम थॉमस यांनी ती वाढवली. १९६९ मध्ये ती सिडनी हरमन यांच्याकडे गेली आणि २०१७ पासून हरमन कंपनी सॅमसंगच्या मालकीची आहे.

आज टॉवर स्पीकर निवडताना याचा उपयोग काय?

पहिली गोष्ट संवेदनशीलतेची, म्हणजे एका वॅटमध्ये एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो त्याची. डबीवर हा आकडा छापलेला असतो. ८४ आणि ९० डेसिबल यांत फरक सहाचा दिसतो, पण तेवढाच आवाज काढायला पहिल्या स्पीकरला चौपट वॅट लागतात. अ‍ॅम्प्लिफायर छोटा असेल तर वॅटच्या मोठ्या आकड्यापेक्षा हा आकडा आधी पाहावा.

दुसरी गोष्ट खोलीची. आपल्याकडची बैठकीची खोली बहुधा फरशीची, स्लॅबची, गुळगुळीत भिंतींची. १२ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर भिंतींमध्ये अडकून घुमतो. मोठ्या वूफरचा टॉवर कोपऱ्यात ठेवला की बेस फुगतो आणि संवाद त्यात बुडतात. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढावा, जाड पडदे आणि सतरंजी वापरावी. खोली १० बाय १२ ची असेल तर मध्यम उंचीची जोडी पुरते.

तिसरी गोष्ट गरजेची. मुख्यतः गाणी ऐकायची असतील तर सगळा पैसा दोन चांगल्या टॉवरवर घालावा. समोर मध्यभागी बसणाऱ्याला दोघांतूनही संवाद मधूनच आल्यासारखे ऐकू येतात. घरातली पाच-सहा माणसे आजूबाजूला बसून सिनेमा पाहत असतील, तर टीव्हीखाली संवादांसाठी वेगळा सेंटर स्पीकर हवा. तो टॉवरच्याच मालिकेतला घेतला की पात्र पडद्यावर इकडून तिकडे गेले तरी आवाजाचा पोत बदलत नाही. सबवूफर नंतरही घेता येतो.

दुकानात मात्र ओळखीचेच गाणे लावावे आणि ओळखीच्या सिनेमातला कुजबुजीचा प्रसंग लावावा. धडाकेबाज डेमोत सगळेच स्पीकर चांगले वाटतात. गायिकेचा श्वास आणि कुजबुजीतला शेवटचा शब्द ज्या जोडीत नीट कळतो, ती दोन्ही कामांना चालते.