क्रौंच, म्हैस आणि सलीम अली

पावसाळा सरला, थंडी पडू लागली, की मलकापूरच्या आसपासच्या पाणवठ्यांकाठी, म्हशींनी तुडवलेल्या चिखलात, चिमणीएवढा एखादा करडा पक्षी लगबगीने चोच खुपसताना दिसावा. हा छोटा टिलवा. त्याचे माहेर उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात, जिथे झाड उगवत नाही अशा थिजलेल्या भूमीत. टिलवे अजून भरपूर आहेत. पण त्याच उत्तरेकडून भारतात येणारा शुभ्र सायबेरियन क्रौंच आता येत नाही. त्याची कहाणी डॉ. सलीम अली यांच्या आयुष्याशी जोडलेली आहे. आणि त्या कहाणीत म्हशीही आहेत.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील बालपणीच गेले. खेतवाडीत मामांनी त्यांना वाढवले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथलाच झाला.

पुढची वाट सरळ नव्हती. ब्रह्मदेशात त्यांनी घरच्या व्यवसायात नशीब अजमावले. बर्लिनला जाऊन पक्षिशास्त्राचे धडे घेतले. परतले तो मुंबईतली संग्रहालयातली नोकरी गेलेली. तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला राहिले आणि तिथे सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. तो गाजला. १९३९ मध्ये तेहमिना गेल्या. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले आणि सामान्य माणसाच्या हाती पक्ष्यांची ओळख पडली. १९४५ मध्ये ते मानससरोवर आणि कैलासापर्यंत पायपीट करून आले, तीही पक्ष्यांसाठीच.

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव पाणथळ त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचे. संस्थानिकांच्या या शिकारीच्या जागेला संरक्षण मिळावे म्हणून ते झटले. सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून क्रौंच अफगाणिस्तानवरून तिथे येत आणि चिखलातले कंद उकरून हिवाळा काढत. साठच्या दशकात त्यांची संख्या दोनशेच्या घरात होती. पुढे ती घसरत गेली. वाटेवरची शिकार हे एक मोठे कारण होते.

केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये तिथे गुरे चारण्यास बंदी आली. गुरे पाणथळाची नासधूस करतात, असे सलीम अलींचे ठाम मत होते. गावकरी खवळले, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. बंदी टिकली. मात्र म्हशी गेल्यावर गवत माजले, त्याने पाणी व्यापले, आणि पाणपक्ष्यांना चरायला जागा उरेना. हे सिद्ध केले ते सलीम अलींच्याच सोसायटीने. वर्षानुवर्षे नोंदी घेऊन तिच्या शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला, की म्हशी या पाणथळाला हव्यात. तो अंतिम अहवाल पाहायला सलीम अली नव्हते. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले होते.

भरतपूरला शेवटचे क्रौंच २००२ मध्ये दिसले. जगात उरलेले जवळजवळ सारे सायबेरियन क्रौंच याकुतियाच्या टुंड्रात घरटी करतात आणि चीनमधल्या पोयांग सरोवरावर हिवाळा काढतात. अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत त्यांचे नाव आहे.

या एका चुकीने सलीम अली लहान होत नाहीत. डोळ्यांनी पाहावे, नोंद ठेवावी, मग बोलावे, ही शिस्त त्यांनीच देशाला लावली. तिच्याच आधाराने त्यांची चूक उघड झाली. गुरुदक्षिणा यापेक्षा वेगळी काय असते?

या हिवाळ्यात मुलांना घेऊन गावाबाहेरच्या पाण्यावर जरूर जा. टिलवा दिसला तर मोजा आणि वहीत टिपा. शेजारी म्हैस असेल, तर तीही टिपून ठेवा.