दानाचा पहिला पाठ

मार्गशीर्ष महिना आला की हुमनाबादजवळच्या माणिकनगरची वाट दत्तजयंतीच्या भाविकांनी गजबजू लागते. त्याच सुमारास, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनानिमित्त, आपल्या शाळांतून मुलांच्या हाती निधीचे डबे येतात. १९४९ पासून चालत आलेला हा उपक्रम स्तुत्यच आहे. परंतु मुलांना दानधर्माच्या कार्यात कसे सामील करावे, या प्रश्नाचा विचार करताना माणिकप्रभूंच्या चरित्राचे स्मरण होणे अपरिहार्य आहे.

प्रभूंचा जन्म २२ डिसेंबर १८१७ रोजी, कल्याणी म्हणजे आजच्या बसवकल्याणनजीकच्या लाडवंती गावी झाला. वडील मनोहर नाईक धर्मनिष्ठ गृहस्थ, मातुःश्री बयादेवी. पितृछत्र लवकर हरपल्याने या मुलाचा सांभाळ मामांनी कल्याणीस केला. मामा तेथील नबाबाच्या चाकरीत होते. गुराख्यांच्या पोरांत रमणाऱ्या भाच्याला वळण लागावे म्हणून त्यांनी त्याला जकात नाक्यावर बसविले. परंपरा असे सांगते की, नाक्यावर जमणारा पैसा या मुलाने येणाऱ्याजाणाऱ्या गोरगरिबांस वाटून टाकला. मामा संतापले, आणि मुलाने घर सोडले.

भाविक ही कथा प्रभूंच्या औदार्याची म्हणून सांगतात. परंतु मामांचा राग अनाठायी होता, असे आम्हांस म्हणवत नाही. तो पैसा मुलाचा नव्हता, मामांचाही नव्हता. तो सरकारचा होता आणि त्याचा जाब मामांना द्यावा लागणार होता. मुलाच्या अंतःकरणात कणव होती, पण परक्या पैशाची जबाबदारी त्याला कोणी समजावून दिली होती काय?

पुढील चरित्र या प्रश्नाला उत्तर देते. घर सोडताना त्याने संसारातील कोणतीही वस्तू बरोबर घेतली नाही. अनेक वर्षांच्या भ्रमंतीनंतर १८४५ च्या सुमारास प्रभू हुमनाबादनजीक विरजा व गुरुगंगा यांच्या संगमावर स्थिरावले आणि तेथेच माणिकनगर वसले. निजामाच्या राज्यातील या ठिकाणी हिंदू-मुसलमान, लिंगायत-ब्राह्मण असा भेद न करता सर्वांस अन्न मिळे. जे येई ते वाटले जाई. स्वतःसाठी संचय नसे. मराठी, कानडी, उर्दू अशा भाषांतून पदे रचणाऱ्या या सत्पुरुषाने २९ नोव्हेंबर १८६५ रोजी समाधी घेतली. नाक्यावरचा मुलगा दुसऱ्याचे देत होता; माणिकनगरचे प्रभू आपल्याला अर्पण झालेले देत होते. औदार्य तेच, पण अधिकार वेगळा.

आपल्या शाळांतून मात्र मुलांच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. डबा फिरविणे त्यांचे, पावत्या फाडणे त्यांचे. पैसा कोठे गेला, कोणाच्या उपयोगी पडला, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. अधिक रक्कम आणणाऱ्याचे कौतुक होते आणि श्रीमंत आळीतला मुलगा आपोआप पहिला येतो. गरिबाच्या मुलाला मात्र रिकामा डबा परत करताना मान खाली घालावी लागते. ही सेवा नव्हे, वसुली होय.

तेव्हा शिक्षकांनी व पालकांनी एवढे करावे. जमलेल्या निधीचा हिशेब मुलांकडूनच मांडवून घ्यावा व वर्गात वाचून दाखवावा. रकमेवरून मुलांची तुलना करू नये. आणि प्रत्येक मुलाने स्वतःचे असे काही द्यावे. पैसा नसेल तर श्रम, तेही नसतील तर डब्यातील भाकरीचा अर्धा तुकडा. दुसऱ्याचा पैसा जपून पोहोचवणे आणि आपले ते मोकळ्या हाताने देणे, हे दोन्ही धडे लहानपणीच मिळाले पाहिजेत. त्यांपैकी एक राहून गेला तर दुसराही अपुरा राहतो.