इम्पीडन्स शब्दाचा जनक : ऑलिव्हर हेविसाइड

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

कला शाखेच्या विद्यार्थिनीने विजेवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण आमच्या घरी लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा आहे. लग्न, बारसे, गणपती, प्रचारसभा, कोणतेही कार्य असो, आमचा टेम्पो दारात उभा. वडील चौथीपर्यंत शिकले. दादाने दहावीनंतर शाळा सोडली आणि तो वडिलांच्या हाताखाली लागला. म्हणूनच मला कॉलेजात येता आले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच.

गेल्या उन्हाळ्यात दादाने स्वतःच्या हाताने दोन पेट्या तयार केल्या. प्रत्येकीत खालच्या सुरांसाठी एक वूफर आणि वरच्या सुरांसाठी एक ट्वीटर. आलेला आवाज या दोघांत वाटून देणारे जे मंडल असते, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. वाटणी ३००० हर्ट्झवर करायची, असे दादाने ठरवले. वूफरच्या पाठीवर ८ ओहम छापलेले होते. तो आकडा सूत्रात घालून त्याने ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल गुंडाळली. हिशोब मीच तपासला होता, त्यात चूक नव्हती. पण पहिल्याच लग्नात मंगलाष्टकांचा शब्दन् शब्द किरटा होऊन एकमेकांत मिसळला. वधूच्या मामांनी चारचौघांत वडिलांना बोल लावले. वडील एक शब्दही न बोलता अर्धेच पैसे घेऊन घरी आले.

हिशोब बरोबर, मग चुकले काय? याचा शोध घेताना ग्रंथालयात मला एक माणूस भेटला. त्याची ओळख करून देण्यासाठी हा लेख.

ऑलिव्हर हेविसाइडचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डन टाऊन भागात झाला. वडील लाकडावर चित्रे कोरणारे कारागीर. घरची स्थिती बेताची. लहानपणी आलेल्या स्कार्लेट तापाने त्याचे कान अधू झाले. ऐकू कमी येई, त्यामुळे इतर मुलांत तो मिसळत नसे. सोळाव्या वर्षी त्याची शाळा सुटली, आणि पुढे त्याने कोणत्याही महाविद्यालयाचे तोंड पाहिले नाही. तारायंत्राच्या शोधामुळे प्रसिद्धी पावलेले चार्ल्स व्हीटस्टन हे त्याच्या मावशीचे यजमान. त्यांच्यामुळे तो या क्षेत्राकडे वळला. १८६८ साली तो डेन्मार्कला जाऊन तारवाला झाला आणि नंतर न्यूकॅसलच्या तारकचेरीत आला. १८७४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने नोकरी सोडली. त्यानंतर जन्मभर त्याने नोकरी केली नाही.

नोकरी सोडून त्याने केले काय? आईवडिलांच्या घरी खोलीचे दार लावून घेऊन तो मॅक्सवेलचा १८७३ साली निघालेला वीज आणि चुंबकत्वावरील ग्रंथ वाचत बसला. त्यासाठी लागणारे बरेचसे गणित त्याला येत नव्हते. तेही तो आपले आपणच शिकला. मॅक्सवेलने आपला सिद्धांत वीस समीकरणांत मांडला होता. हेविसाइडने १८८५ च्या सुमारास तो चार समीकरणांत आणला. आज आपल्या विज्ञान शाखेच्या मित्रांना मॅक्सवेलची समीकरणे म्हणून जी शिकवतात, त्यांचे हे रूप हेविसाइडचे आहे.

त्या काळी तारेतून जाणाऱ्या विजेचा विचार बहुधा रोध या एकाच गोष्टीवरून करीत. पण आवाजाची वीज क्षणोक्षणी दिशा बदलते. अशा विजेला तारेचा रोध अडवतोच, शिवाय वेटोळ्याचे चुंबकत्वही अडवते, आणि सूर जितका वरचा तितके ते अधिक अडवते. या एकंदर अडवणुकीला हेविसाइडने १८८६ साली इम्पीडन्स हे नाव दिले. आपल्या परिभाषेत त्याला संरोध म्हणतात. इंडक्टन्स हा शब्दही त्याचाच.

१८८७ साली त्याने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. लांबच्या टेलिफोन तारेत बोलणे अस्पष्ट होते, त्याला उपाय म्हणजे तारेची प्रवर्तकता वाढवणे. प्रवर्तकता म्हणजे शत्रू, असे मानण्याच्या त्या काळात हे विधान उलटेच होते. ब्रिटिश पोस्ट खात्याचे मोठे अधिकारी विल्यम प्रीस यांना ते मुळीच पटले नाही. ऑलिव्हरचा थोरला भाऊ आर्थर त्याच खात्यात अभियंता होता. दोघा भावांनी मिळून लिहिलेला निबंध प्रीस यांनी अडवला. ज्या साप्ताहिकात ऑलिव्हर लिहीत असे, त्याचे संपादक बदलले आणि त्याची लेखमालाही थांबली. पण सत्य फार दिवस झाकून राहिले नाही. १८८९ साली लॉर्ड केल्व्हिन यांनी त्याच्या कामाचा जाहीर गौरव केला, आणि १८९१ साली तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. पुढे अमेरिकेत प्युपिन यांनी तारेत ठरावीक अंतरावर कॉइली बसवण्याचे पेटंट १९०० साली मिळवले व त्यातून मोठी संपत्ती कमावली. मूळ कल्पना मांडणाऱ्याच्या हाती त्यातले काहीच आले नाही. सरकारकडून वर्षाला १२० पौंडांचे निवृत्तिवेतन मात्र त्याला १८९६ पासून मिळू लागले.

उतारवयात तो एकटा, विक्षिप्त आणि हट्टी झाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी टॉर्की येथे त्याचे निधन झाले. योगायोग असा की, राइस आणि केलॉग यांनी आजच्या धर्तीच्या लाऊडस्पीकरवरचा आपला निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध केला. ज्याला नीट ऐकू येत नव्हते, त्याने दिलेल्या शब्दावाचून लाऊडस्पीकरवाल्याचे आज पानही हलत नाही.

आता आमच्या पेट्यांकडे वळते. वूफरवर छापलेले ८ ओहम हे नाममात्र असतात, ही गोष्ट मला येथे उमगली. दादाने मल्टिमीटर लावला, तेव्हा नुसता रोध ६ ओहम भरला. मग वूफरच्या रांगेत १० ओहमचा रेझिस्टर जोडून ॲम्प्लिफायरमधून ३००० हर्ट्झचा सूर सोडला. दोघांवरचा दाब मोजून एकाला दुसऱ्याने भागले आणि दहाने गुणले. उत्तर आले साडेचौदा! त्यातले ६ रोधाचे, आणि सुमारे १३ वूफरच्या आतल्या वेटोळ्याचे. यांची सरळ बेरीज होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंवरून कर्ण काढावा, तशी ती होते. त्यावरून आतल्या वेटोळ्याची प्रवर्तकता ०.७ मिलिहेन्री निघाली. म्हणजे दादाच्या कॉइलपेक्षा वूफरची स्वतःची कॉइल मोठी! मग बाहेरची कॉइल वरच्या सुरांना अडवणार ती किती? सूर कितीही वर नेला, तरी त्याचा साठ टक्क्यांहून अधिक दाब वूफरलाच मिळत राहणार. ट्वीटरचे काम वूफरही करीत होता, आणि त्या गोंधळात मंगलाष्टके बुडाली.

उपाय सोपा निघाला. वूफरच्या दोन टोकांवर ६ ओहमचा रेझिस्टर आणि सुमारे २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडला, की आतल्या वेटोळ्याची वाढती अडवणूक भरून निघते आणि वरच्या सुरांना वूफर सरळ ६ ओहमचा दिसू लागतो. मग कॉइलचा हिशोबही आठवर नव्हे, सहावर करायचा. ती ०.३२ मिलिहेन्री आली.

हे सारे मी एका रात्री ओसरीवर दादाला वाचून दाखवीत होते. वडील बाजूला वायरी गुंडाळत होते. माझे वाचून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले की, चोविसाव्या वर्षी नोकरी सोडून बसलेल्या त्या माणसाला पोसले कोणी? मी म्हटले, आधी आईवडिलांनी. पुढे चार्ल्स नावाच्या भावाचे पेंटनला वाद्यांचे दुकान होते, १८८९ पासून तो आणि त्याचे आईवडील त्या दुकानाच्या वरच राहू लागले. वडिलांनी दादाकडे पाहिले. दादा मान खाली घालून कॉइलचे वेढे मोजत होता, त्याने वर पाहिले नाही.

त्या चार्ल्सचे नाव विद्युतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नाही. कॉलेजच्या प्रवेशअर्जात पालकाचा व्यवसाय या रकान्यात पहिल्या वर्षी मी व्यापार असे लिहिले होते. लाऊडस्पीकर असे लिहायला मला लाज वाटली होती. या वर्षी मी लाऊडस्पीकर असेच लिहिले आहे. आणि पुढच्या रविवारी आमच्या गल्लीतल्या बारशाला त्याच दोन पेट्या लागणार आहेत.