अमेरिकेला रॉकेट दिलं, अमेरिकेने फरार ठरवलं. मग या शास्त्रज्ञाने चित्रांनाच मोटर लावली

मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या गाड्यांची बातमी आली की जेपीएल हे नाव येतंच. जेपीएल म्हणजे जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी. या प्रयोगशाळेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होता फ्रँक मलिना. पण जगभरातले कलाकार त्याला ओळखतात ते वेगळ्याच कामासाठी. ते काम म्हणजे हलणारी, उजळणारी चित्रं.

मलिनाचा जन्म १९१२ चा, अमेरिकेतल्या टेक्सासचा. शिकायला तो कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये आला. त्या काळात रॉकेट म्हणजे गोष्टीच्या पुस्तकातली कल्पना समजली जायची. तरीही त्याने जॅक पार्सन्स आणि एड फोरमन या दोघांना सोबत घेतलं. ३१ ऑक्टोबर १९३६ ला पासाडेनाजवळच्या कोरड्या नदीपात्रात त्यांनी पहिली चाचणी घेतली. शेवटच्या प्रयत्नात ऑक्सिजनच्या नळीने पेट घेतला, ती आग ओकत सापासारखी वळवळायला लागली आणि सगळे जीव मुठीत घेऊन पळाले. असल्या उद्योगांमुळे कॅलटेकमध्ये या पोरांचं नावच पडलं, आत्मघातकी टोळी.

पण हीच टोळी पुढे कामाला आली. १९४१ मध्ये त्यांनी रॉकेटच्या जोरावर छोटं विमान कमी अंतरात उडवून दाखवलं. १९४२ मध्ये एरोजेट कंपनी उभी राहिली. १९४५ मध्ये मलिनाच्या टीमचं वॅक कॉर्पोरल रॉकेट सुमारे ७० किलोमीटर उंच गेलं. तेव्हा तो जेपीएलचा प्रमुख होता.

इथेच गाडी अडली. रॉकेटने हवेच्या वरच्या थरांचा अभ्यास व्हावा, ही मलिनाची इच्छा. लष्कराला हवी होती क्षेपणास्त्रं. १९४७ मध्ये त्याने सगळं सोडलं आणि पॅरिसला युनेस्कोत नोकरी धरली.

तरी भूतकाळ मागे लागलाच. तरुणपणी त्याची ऊठबस डाव्या विचारांच्या लोकांत होती आणि एफबीआय त्याच्या मागावर होतं. १९५२ मध्ये त्याच्यावर खटला भरला गेला. जुन्या सरकारी फॉर्ममध्ये कम्युनिस्ट पक्षाचं सदस्यत्व लपवल्याचा आरोप होता. अमेरिकेच्या लेखी तो फरार झाला, मायदेशी परतला असता तर अटक ठरलेली होती. १९५३ मध्ये त्याने युनेस्कोही सोडलं. एरोजेटच्या शेअर्समुळे पोटाची चिंता नव्हती. मग चाळिशीत त्याने पूर्ण वेळ ब्रश हातात घेतला.

पण इंजिनिअर माणूस, नुसता कॅनव्हास रंगवून शांत बसणारा नव्हता. चित्रात खरीखुरी हालचाल आणता येईल का, हा प्रश्न त्याने प्रयोगशाळेतल्यासारखाच हाताळला. आधी तारेच्या जाळ्या एकावर एक ठेवून पाहिल्या, मग मागे विजेचे दिवे लावले. १९५६ मध्ये त्याची पद्धत तयार झाली. तिला त्याने नाव दिलं ल्युमिडाइन.

रचना अगदी सोपी. एका पेटीत दिवे. त्यांच्यापुढे छोट्या मोटरवर सावकाश फिरणाऱ्या, रंगवलेल्या पारदर्शक चकत्या. त्यांच्यापुढे एक न हलणारी रंगवलेली काच. सगळ्यात पुढे प्रकाश पसरवणारा पडदा. चकत्या फिरल्या की पडद्यावरचे रंग आणि आकार सतत बदलत राहतात. फिरत्या भागाला रोटर आणि स्थिर भागाला स्टेटर, ही नावंही त्याने मोटरच्या भाषेतूनच उचलली. विषय मात्र जुनेच होते, ग्रहांच्या कक्षा आणि तारे. यंत्राने आकाशात जाणं थांबलं होतं, तर त्याने आकाशच पेटीत आणलं.

१९६८ मध्ये त्याने लिओनार्दो हे नियतकालिक सुरू केलं. शास्त्रज्ञ जसे आपले प्रयोग लिहून ठेवतात, तसं कलाकारांनीही आपलं काम कसं केलं ते स्वतः लिहावं, हा त्यामागचा विचार. म्हणजे पुढच्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

त्याच्यावरचा खटला पुढे मागे घेतला गेला, पण मलिना फ्रान्समध्येच राहिला. १९८१ मध्ये पॅरिसजवळ त्याचं निधन झालं. जेपीएलची यानं आज ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचली आहेत आणि लिओनार्दोचे अंक आजही निघतात.